उल्काची ओळ

आम्ही व्हाइटफील्डला राहायला गेलो तेव्हा तिथल्या चर्चच्या पायरीवर रविवारी सकाळी चपलांचा एकच जोड दिसायचा. आत बाकांवर बसलेली मंडळी बूट-सँडल घालूनच असत. जुनी अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच, थोडे मंगळूरकडचे, थोडे तमिळ. चपला बाहेर काढून आत जाणारा माणूस एकच, आमच्या समोरच्या घरातले पद्मनाभ गलगली. तिथले फादर सलडाना त्यांना एकदा म्हणाले, "पद्मनाभ, इथं कुणी चपला काढत नाही." गलगली म्हणाले, "हो, पाहिलंय मी." आणि पुढच्या रविवारी पुन्हा काढल्या.

पद्मनाभअण्णा मूळचे धारवाडचे. आमच्यासारखेच घरात मराठी आणि फाटकाबाहेर कन्नड बोलणारे. विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्याच्या बसने जायचे, त्याच बसने परत यायचे, आणि लागेल तेवढंच बोलायचे. मूलबाळ नव्हतं. बायको उल्का निपाणीची. तिचं बोलणं मात्र भरपूर. दोघांच्या वाट्याचं मिळून ती एकटीच बोलायची म्हणा ना.

अण्णांना वाचनाचा नाद होता, आणि चालत जाण्यासारखं वाचनालय म्हणजे चर्चच्या आवारातली एक खोली, एवढंच होतं. तिथे दुपारनंतर कुणीही जाऊन पुस्तक आणू शकत असे. अण्णांचा वाचण्याचा एक नियम होता. कपाटाच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची आणि उजव्या टोकापर्यंत मधलं काही सोडायचं नाही. पहिल्या कपाटात घोडे, बंदुका आणि खून. दुसऱ्यात प्रवासवर्णनं. तिसऱ्यापासून संतांची चरित्रं लागत आणि पुढे धर्माची जाड पुस्तकं. आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला ते जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालत, चित्र आतल्या बाजूला ठेवून.

"कुठल्या तरी साधूच्या पुस्तकात माझ्या लक्ष्मीला कोंडलंत," उल्का म्हणायची.

"कागद चांगला आहे," अण्णा म्हणायचे.

एकोणीसशे नव्वदच्या ईस्टरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी वर्षभर ते फादरांकडे शिकायला जात होते. जातोय हे उल्काला सांगूनच जात. तिने आरडाओरडा केला नाही. माझ्या ओट्यावर बसून एक सकाळभर रडली आणि मग घरी जाऊन त्यांना म्हणाली, "मी नाही यायची. तुम्ही जा. पण रविवारी आधी दूध आणून द्यायचं, मग तुमचं चर्च."

पुढे त्याचीही तिने चेष्टा करून टाकली. "बरं झालं बाई, पहिल्या कपाटापाशी थांबले नाहीत. आज घोड्यावर बसून बंदूक घेऊन दूध आणायला गेले असते."

मी अण्णांना एकदा विचारलं होतं, "नक्की कशामुळे हो?" शाळेतल्या मुलाने अवघड प्रश्नाला घ्यावा तेवढा वेळ त्यांनी घेतला. म्हणाले, "बाई, एका पुस्तकामुळे असं म्हणता येत नाही. वाचत गेलो आणि एक दिवस लक्षात आलं की मी प्रार्थना करतोय."

त्यांचे भाऊ पत्र टाकायचे बंद झाले. उल्काचा धाकटा भाऊ गुरुराज, हुबळीला औषधांचं दुकान असलेला, वर्षातून दोनदा येत राहिला. पण तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसायचा आणि बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचा.

"अक्का, तुझ्या हातचं चालतं गं मला. पण भांडी?"

"भांड्यांचा बाप्तिस्मा नाही झालेला, गुरू," उल्का आतून म्हणायची. तरी तो पाणी घ्यायचा नाही.

अण्णांचा आवाज चांगला होता, खर्जातला. वर्षभरात फादरांनी त्यांना रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, बायबलमधलं वाचन करायला सांगितलं. इंग्रजीत. आठवडाभर ते स्वयंपाकघरात उभे राहून त्याची तयारी करत आणि उल्का भाजी चिरता चिरता ऐकत असे.

"स्वल्प सावकाश! ती नावं आहेत ना माणसांची? आगगाडीची स्टेशनं सांगितल्यासारखी नका सांगू."

वाचन संपलं की वाचणाऱ्याने 'हे प्रभूचं वचन' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ म्हणायची आणि बाकांवरच्या सगळ्यांनी 'देवाचे आभार' असं उत्तर द्यायचं, अशी तिथली रीत. ते ऐकून उल्का मला म्हणाली, "म्हणजे आमच्या पोथीसारखंच की. शेवटी एक ओळ असतेच."

उल्काची पोथी तिच्या आईकडून आलेली. मोठ्या टायपातली, सुट्या आडव्या पानांची, तांबड्या बासनात बांधलेली. रोज अंघोळ झाली की एक अध्याय. मार्गशीर्षात सात दिवसांत सगळी पोथी, म्हणजे सप्ताह. अध्याय संपला की 'श्रीकृष्णार्पणमस्तु' म्हणून वाचनाचं पुण्य देवाच्या पदरात टाकायचं, मगच उठायचं. अध्याय मध्येच सोडायचा नाही आणि पोथी उघडी टाकायची नाही. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की तिच्याकडे जाताना मी घड्याळ बघून जायची.

मग तिची साखर वाढली आणि पंच्याण्णव साली डोळे गेले. आधी अक्षरं गेली, मग माणसं. पोथीसाठी तिने प्रथम मला बोलावलं. मी शाळेतली बाई. दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, रागावू नका हं. तुम्ही शुद्धलेखन घालताय. मला वाटतं आता पाटी काढावी लागणार."

दारात अण्णा उभे होते. म्हणाले, "मी वाचू?"

उल्का गप्प झाली. ती गप्प झालेली मी तेव्हाच पाहिली. मग म्हणाली, "तुम्हाला चालेल का?"

"विचारून येतो," म्हणाले आणि खरोखरच चपला घालून चर्चला गेले. फादर सलडाना स्वभावाने तिखट. म्हणाले, "बायको आंधळी झाली आहे आणि तिला तिचं पुस्तक हवंय. यात मला काय विचारता? घरी जा." अण्णा घरी आले आणि हात-पाय धुऊन पोथीपुढे बसले.

त्यांनी फार छान वाचलं. पण अध्यायाच्या शेवटच्या ओळीपाशी ते थांबले.

"अहो, शेवट राहिला," उल्का म्हणाली.

"तो तू म्हण."

"का?"

अण्णा बोलले ते त्यांच्या मानाने पुष्कळच होतं. "बाकी सगळं मी वाचीन. ते वाचणं आहे. पण अर्पण करायचं म्हणजे मी बोलणं झालं, आणि मी एकाला शब्द दिलाय. मला ते दुसऱ्याशी बोलता येणार नाही."

उल्काने थोडा विचार केला. "बरं. वाचणारी मीच आहे, तुम्ही माझे डोळे. डोळ्यांना कोण बोलायला सांगतंय?" तिने हात जोडले आणि ती ओळ म्हटली.

दोन वर्षं असंच चाललं. डोळ्यांमुळे सकाळची पोथी संध्याकाळी गेली, अण्णांची बस आल्यावर. ते वाचत, शेवटाला थांबत, उल्का ओळ म्हणे, मग ते पानं सारखी करून बासन बांधत. मी रोज दिवेलागणीला त्यांच्याकडे जाऊन बसायची. पलीकडे मोकळ्या माळावर काचेच्या मोठ्या इमारतीचं काम सुरू झालं होतं. तिथल्या यंत्रांचा आवाज पोथीच्या मागे सतत चालायचा. उल्का म्हणायची, "तंबोरा लावलाय आमच्यासाठी."

सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात ती अंथरुणालाच खिळली होती. मूत्रपिंडं थकली होती. तरी सप्ताह करायचाच म्हणाली. अण्णांनी कारखान्यात रजा टाकली. पलंगाशेजारी चौरंग मांडला. चार दिवस नीट पार पडले. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या दिवसाचा शेवटचा अध्याय चालला होता. मी उल्काच्या पायांशी बसले होते. तिचे डोळे मिटलेले होते, पण तशी ती नेहमीच ऐकायची. अण्णा शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले.

थांबून राहिले. मला वाटलं, तिला डुलकी लागली. अण्णांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तिला हाक मारली नाही. तिची ओळ तिने म्हणायची, आपण घाई करायची नाही, ही त्यांची सवय. ते पोथीवर हात ठेवून बसून होते. बाहेर यंत्र थांबलं आणि कामगारांची पाळी सुटली. मग मीच तिच्या पावलाला हात लावला.

"अण्णा," मी म्हटलं.

"अजून म्हणायची आहे तिची," अण्णा म्हणाले.

गुरुराज दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. विधी त्यानेच केले. अण्णा स्मशानात बाजूला उभे होते. त्याने विचारलं, "भावजी, मी करतो सगळं. चालेल?" अण्णा म्हणाले, "सरी." त्या दिवसापासून ते बहुतेक एवढंच म्हणत. जेवायला चला, सरी. आज राहू दे, सरी. कन्नडमधला हा साधा होकार. पण त्यांच्या तोंडी तो होकारही वाटेना आणि नकारही.

गुरुराज शहरात मल्लेश्वरमला नातेवाइकांकडे उतरला होता. रोज बसने यायचा. तिसऱ्या दिवशी त्याला चौरंग दिसला. पोथी उघडीच होती, वर अण्णांनी पांढरं फडकं घातलेलं.

"ही बांधली नाही?"

"अध्याय पुरा झाला नाही," अण्णा म्हणाले.

काय झालं ते मी गुरुराजला सांगितलं. तो खुर्चीत बसला. जरा वेळाने म्हणाला, "भावजी, एकच ओळ आहे. तुम्ही म्हणा."

"मला म्हणता येत नाही."

"येत नाही म्हणजे? धारवाडच्या गलगलींच्या घरात जन्मलात. तोंडपाठ असेल तुम्हाला!"

"पाठ आहे."

"मग?"

अण्णांनी पोथीवरच्या फडक्याची कड सारखी केली.

"तू म्हण ना, गुरुराज," मी म्हटलं. "तुझी बहीण होती."

"तसं नसतं बाई. वाचलं कुणी? यांनी. ज्याने वाचलं त्याचं पुण्य, ते त्यानेच द्यायचं. मी दुसऱ्याच्या ताटातला नैवेद्य कसा दाखवू? अक्का होती तोवर ती म्हणत होती, ते ठीक. हे तिचे डोळे होते. आता हेच उरलेत." मग तो अण्णांकडे वळला. आवाज चढलेला होता. "तिचं वाचन देवाच्या दारात अडकून पडलंय, भावजी. आयुष्यभर एक अध्याय अर्धा सोडला नाही तिने. देव बदललात तेव्हा मी काही बोललो नाही."

"बोलला होतास," मी म्हटलं.

"बरं, बोललो होतो. पण आता एक ओळ म्हणायला काय जातंय तुमचं?"

अण्णा म्हणाले, "माहीत नाही." ते खरंच विचार करून म्हणाले असं मला वाटलं.

तेराव्यानंतर गुरुराज हुबळीला गेला. पोथी त्यांच्या आईची, ती त्याने न्यायची असं उल्काच्या हयातीतच ठरलं होतं. पण अर्धी पोथी बांधून न्यायला तो तयार नव्हता. ती चौरंगावर तशीच राहिली.

अण्णांचं रोजचं चालू होतं. सकाळी उठून बायबलमधलं त्या दिवसाचं वाचन, मग बस. संध्याकाळी ते फडक्यावरची धूळ झटकत. चर्चच्या खोलीतून आणलेलं एक जाड पुस्तक दर आठवड्याला मुदत वाढवून घरी येई. त्यातली खुणेची दोरी एकाच पानावर होती. मी जेवायला बोलावलं की येत आणि वाढलेलं सगळं खात. एकदा मी आमटीत मीठ विसरले. त्यांनी दोनदा घेतली.

"अण्णा, अळणी आहे, सांगायचं नाही का?"

"असेल," ते म्हणाले.

रडताना मी त्यांना पाहिलं नाही. मला ते बरं वाटत नव्हतं, पण करणार काय. शाळेत काही मुलं अशी असायची. घरी काहीतरी घडलेलं असायचं आणि ती वर्गात नीट बसून फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची.

महिना होत आला तसे फादर सलडाना घरी आले. रविवारचा मिस्सा उल्कासाठी करू म्हणाले. बाप्तिस्मा झालेला नसला तरी तिच्यासाठी प्रार्थना करता येते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग अण्णांना विचारलं, "वाचन तुम्ही करता?"

"सरी."

"की दुसऱ्या कुणाला सांगू?"

"सरी."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांनाच द्या. त्यांनी वाचलेलं तिला आवडायचं."

त्याच आठवड्यात शनिवारी गुरुराज मासिक श्राद्धासाठी मल्लेश्वरमच्या मठात आला होता. रविवारी सकाळी तो पोथीचं काय झालं ते बघायला आला, तर मी आणि अण्णा निघायच्या तयारीत.

"कुठे?"

"चर्चला. अक्कासाठी प्रार्थना आहे," मी सांगितलं.

"अक्कासाठी? तिथे?" तो अण्णांकडे बघत राहिला. अण्णा फाटकाची कडी लावत होते. "मी बाहेर उभा राहीन," गुरुराज म्हणाला.

पण बाहेर ऊन होतं आणि फादर दारातच उभे होते. त्यांनी "या" म्हटलं. गुरुराजने पायरीवर चपला काढल्या, अण्णांच्या चपलांशेजारी, आणि तो माझ्याबरोबर शेवटच्या बाकावर बसला. अंग चोरून, हात मांडीवर ठेवून.

अण्णा वाचायला उभे राहिले. वाचनात नावं पुष्कळ होती. त्यांनी ती सावकाश घेतली, एकेक सुटी. गुरुराजला इंग्रजी जेमतेम. तरी तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता. उल्काही तशीच ऐकायची.

वाचन संपलं. इथे त्यांनी ती इंग्रजी ओळ म्हणायची होती. ते थांबले. पुस्तकावर हात ठेवून उभे राहिले. मला त्यांचं हे थांबणं ओळखीचं होतं. कुणी खोकलं. फादरांनी मान वर केली. अण्णा कुणाची तरी वाट बघत होते, आणि मग, वाट बघून झाल्यासारखे, माइकवर स्वच्छ म्हणाले, "श्रीकृष्णार्पणमस्तु."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पण वाचणारा शेवटची ओळ म्हणाला की उत्तर द्यायचं ही त्या माणसांची जन्माची सवय. पुढच्या बाकांवरून दोन म्हाताऱ्यांनी 'देवाचे आभार' म्हणून टाकलं, मागोमाग सगळ्यांनीच. अण्णांनी पुस्तक मिटलं, वेदीला वाकून नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

शेजारी गुरुराज पुटपुटला, "झालं." त्याने डोळ्यांना रुमाल लावला होता.

मिस्सा संपल्यावर फादर पायरीवर आले. "पद्मनाभ, ते कुठल्या भाषेत होतं?"

"काय?"

"शेवटी जे म्हणालात ते."

अण्णांना कळेना. गुरुराज चपलेत पाय घालत म्हणाला, "भावजी, तुम्ही ओळ म्हणालात. अक्काची."

"म्हणालो?"

"म्हणालात."

"मोठ्याने?"

"माइकवर."

अण्णा पायरीवर उभे राहिले, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. मग फादरांना म्हणाले, "फादर, मी शब्द दिला होता. मला हे कन्फेशनमध्ये सांगावं लागेल."

"सांगा," फादर म्हणाले. "शनिवारी या. आज नको. आज घरी जा." दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते तसंच.

आम्ही घरी आलो. अण्णांनी हात-पाय धुतले, फडकं काढलं आणि चौरंगापुढे बसले. पानं दोन्ही तळहातांत धरून कडा सारख्या केल्या. बासन पसरलं. गुरुराज व्हरांड्यातून आत आला आणि समोर बसला. त्याने बासनाची दोन टोकं धरली, अण्णांनी दोन. गाठ अण्णांनी मारली.

"सप्ताहाचे दोन दिवस राहिलेत," गुरुराज म्हणाला. "ते मी वाचीन, हुबळीला. चालेल?"

"सरी," अण्णा म्हणाले.

गुरुराजने पोथी पिशवीत ठेवली, पिशवी छातीशी धरली आणि उठला. आम्ही फाटकापर्यंत गेलो. बस यायची होती. माळावर रविवार असूनही यंत्र चालू होतं.

बस दिसली तेव्हा अण्णांनी त्याच्या दंडाला हात लावला. "गुरुराज."

"काय, भावजी?"

"स्वल्प सावकाश वाच," अण्णा म्हणाले. "तिला घाई केलेली आवडत नाही."